पाच चिंचोके

आल्तिनोवरच्या बागेतली वाट गोल आहे.
फाटकातून शिरलं की डावीकडे वळायचं,
जांभ्याच्या कठड्याला धरून,
मग फणस, मग मोडकी घसरगुंडी, मग तो बाक
ज्यावर कुणीतरी खिळ्याने 'रोझू' कोरलंय,
मग पुन्हा फाटक.
डाव्या खिशात पाच चिंचोके घेऊन निघतो.
एक फेरी, एक चिंचोका उजव्या खिशात.
डॉक्टरने पाच सांगितल्या. सहावी मी कधी घातली नाही.
सरकारी नोकरी केलेला माणूस.

एकतीस वर्षं फेरीबोटीच्या सुकाणूवर होतो.
पणजी ते बेती, बेती ते पणजी,
त्याच स्कूटरी, त्याच मासळीच्या पाटल्या.
नाकासमोर जायचं, टेकायचं, फळी खाली, फळी वर,
नाकासमोर यायचं.
बोटीला पाठ नव्हती, दोन्हीकडे तोंडच.
म्हणून गोल चालायला लागलो तेव्हा
पहिले दोन आठवडे घेरीच यायची.
बायकोला म्हणालो, ह्या वाटेला धक्काच नाही गं कुठे.

मग हळूहळू गोल वाटेचा कायदा कळला:
जी माणसं तुमच्याच दिशेने, तुमच्याच चालीने चालतात
ती तुम्हाला जन्मात दिसत नाहीत.
दिसतात ती उलटी येणारी.
फेरीत दोनदा.

कितेरियाबाय उलटी यायची.
पांढरे कॅनव्हासचे बूट,
कमरेला बांधलेला स्वेटर, भर मे महिन्यात.
फणसापाशी म्हणायची, "देव बरो दीस दिवूं."
फाटकाच्या अलीकडे नुसती मान.
पुढच्या फेरीला, "पणस पिकलो रे, शाबी."
त्याच्या पुढच्या, "पिकलो, पूण माकडांनी खालो."
बोलणं असं हप्त्याहप्त्याने.
सोमवारी काढलेली गोष्ट गुरुवारी संपायची.
धाकट्या भावाचं लिस्बनहून परत येणं तर
चतुर्थीला सुरू झालं, नाताळ उलटला,
आणि भाऊ अजून विमानतळावर, बॅगेची वाट बघत.

फेब्रुवारीत ती दिसेनाशी झाली.
सोमवारी नाही. मंगळवारी नाही.
फणसाजवळ माझं पाऊल आपोआप हळू व्हायचं,
धक्का जवळ आला की बोटीचं करावं तसं,
आणि समोर नुसती तांबडी वाट.
माळ्याला विचारावं तर काय? नाव ठाऊक, घर नाही.
सकाळी इंग्रजी पेपर मागवायला लागलो,
आधी मागचं पान, ते छोटे चौकोनी फोटो.
नव्हती.
तरी खिशातला हिशेब चुकायचाच.
एकदा घरी येऊन पाहिलं तर डावीकडे तीन,
उजवीकडे एक. पाचवा गेला कुठे?

नवव्या दिवशी बुटात खडा गेला.
रोझूच्या बाकावर बसून बूट झटकत होतो
तर मागून, चक्क मागून,
कॅनव्हासची ती फसक फसक चाल.
"शाबी? तूं जिवो आसा?"
माझ्या हातात बूट, तोंडात तोच प्रश्न.

एकाच अंगाला वळून वळून तिचा गुडघा झिजला होता.
डॉक्टर म्हणाला, बाजू बदल.
नऊ दिवस ती माझ्या मागे होती,
अर्धी फेरी मागे, माझ्याच चालीने,
फणसापाशी हळू होत.
शेजाऱ्याचा मराठी पेपर मागून आणायची, म्हणाली,
आणि बोट ठेवून ठेवून नावं लावायची,
मेलेल्या माणसांची.

त्या दिवशी एक फेरी आम्ही बरोबर चाललो.
काही सुचेना. दोघं एकाच दिशेला बघत,
लग्नाच्या फोटोतल्यासारखे अवघडून.
फाटकाशी ती म्हणाली, "फाल्यां?"
म्हटलं, फाल्यां.

माझे गुडघे धड आहेत.
तरी आज फाटकातून आत आलो आणि उजवीकडे वळलो.
आधी बाक, मग घसरगुंडी, सगळं उलटं,
कठडा भलत्याच हाताला.
डाव्या खिशात चार चिंचोके आणि एक नवा, काळाभोर.
फणसाच्या पलीकडून पांढरे बूट येताहेत.
बॅगेचं काय झालं ते आता कळेल.